नव्याण्णव सामने आणि एक जून

एक जूनला महाराष्ट्रात जेवढी पोरं जन्माला आल्याची नोंद आहे, तेवढी खरंच आली असती तर त्या दिवशी राज्यातल्या सगळ्या सुइणी चक्कर येऊन पडल्या असत्या. आमच्या एका टीममध्येच सात जणी एक जूनच्या. क्रिकेट असोसिएशनला याचं भारी कौतुक. सात जणींत मिळून एकच केक, तोही अर्ध्या किलोचा, आणि फोटोत केकच्या पुढे सचिव डिंगरे साहेब.

त्या सातांतली एक महानंदा बिराजदार, डावखुरी फिरकी गोलंदाज. मी सरिता मडगुंडी, यष्टिरक्षक. पंधरा वर्षं तिच्या बोलिंगला स्टंपांमागे उकिडवी बसलेय. माझे गुडघे गेले ते तिच्यामुळे, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझाच.

मी सोलापूरची, महापालिकेच्या दवाखान्यात जन्मलेली, तारखेसकट, वेळेसकट. महानंदा अक्कलकोटच्या पलीकडची, पार कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या गावची. ती जन्मली लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. तिची अव्वा, म्हणजे आई, अजून सांगते, "हिच्यापायी त्या वर्षी पणत्या लावायच्या राहिल्या त्या राहिल्याच." पण शाळेच्या दाखल्यावर फुलारी गुरुजींनी ठोकून दिला एक जून. कागदावर पोरगी पाच महिन्यांनी थोर झाली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते पुढे. अठरा वर्षांची असताना ती जिल्ह्याच्या निवड चाचणीला आली, अनवाणी, आणि चांगल्या चांगल्या पोरींच्या दांड्या उडवून गेली. एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघात नाव पक्कं. मग कागद बघितले. वयाचा हिशेब एक सप्टेंबरला धरायचा असतो, आणि महानंदाबाई तीन महिन्यांनी म्हाताऱ्या निघाल्या. निवड समितीतल्या एका काकांनी तिची समजूतही काढली, "बेटा, लवकर जन्मायला नको होतंस." जसं काही ती तारीख ठरवून आली होती.

पण गडी चिवट. थेट मोठ्या बायकांच्या संघात घुसली. दोन वर्षं नुसतं पाणी वाहिलं. पुरुषांच्या संघाचे उरलेले बेचाळीस नंबरचे टी-शर्ट घालून खेळली. बाही इतकी खाली यायची की चेंडू कुठल्या हातात आहे ते फलंदाजाला कळायचंच नाही, आणि तिने त्यावरही विकेटी काढल्या. पुरुषांचा संघ विमानाने जायचा. आम्ही एकदा आसाममध्ये मॅच होती तर तीन दिवस रेल्वेत बसून गेलो, उतरून सरळ मैदानावर. तिथे तिने पाच बळी घेतले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली चार ओळींची, त्यात तिचं नाव "महानंद". पुल्लिंगी.

"बरं झालं की बे," ती म्हणाली. "निदान पुरुषांच्या पानावर तरी आले."

असं करत नव्याण्णव सामने झाले. आता शंभराची गोष्ट सांगायला हवी. असोसिएशनच्या क्लबहाउसात एक लाकडी फळा आहे. राज्याकडून शंभर सामने खेळलेल्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत. अकरा नावं, अकराही मिशीवाल्यांची. बाईचं एकही नाही. महानंदाला बाकी कशाचा सोस नव्हता. इंडियाची कॅप नको, टीव्ही नको. त्या फळ्यावर नाव पाहिजे होतं. सराव झाला की ती बॅग खांद्याला लावून त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "सरे, बाराव्या ओळीला जागा आहे बघ. 'बिराजदार' मावतंय."

आणि जुलैत पत्रक निघालं. संघाला नवं रक्त हवं म्हणे. एक सप्टेंबरला पस्तिशी पूर्ण झालेल्या महिला खेळाडूंचा विचार होणार नाही. पुरुषांचं रक्त बहुतेक नवंच राहत असावं, त्यांच्यासाठी पत्रक नव्हतं. महानंदा खरी पस्तिशीची होणार होती दिवाळीत. कागदावर झाली होती एक जूनला, आमच्यासमोर, त्या अर्ध्या किलोच्या केकबरोबर. पुन्हा तेच तीन महिने.

आम्ही दोघी डिंगरे साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नाही, फक्त कागदाशिवाय त्याला माणूस दिसत नाही.

"माझ्या हातात काय आहे बिराजदार?" साहेब म्हणाले. "दाखल्यावर जे आहे ते आहे."

"दाखला चुकीचा आहे साहेब."

"मग ज्यांनी नोंद केली त्यांच्याकडून लिहून आणा. 'माझ्या हातून चुकीची नोंद झाली', खाली सही. मी समितीपुढे ठेवतो. एका सामन्याचा तर प्रश्न आहे, होऊन जाईल."

माझा त्यांच्या शब्दावर विश्वास नव्हता, पण त्या दिवशी ते खरंच बोलत होते. मला वाटतं, फळ्यावर एखादी बाई आली तर फोटो चांगला येईल हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी एसटीने गावाला गेलो. फुलारी गुरुजी ऐंशी पार केलेले, पण बसले होते ताठ. महानंदाची मोठी बहीण इरव्वा त्यांना भाकरी द्यायला आलेली. गुरुजींची बायको गेल्यापासून रोजची भाकरी तिच्याच घरून जाते. ती भिंतीला टेकून तिथेच बसली.

महानंदा रस्ताभर घोकत आली होती की शांतपणे बोलायचं. चहा यायच्या आत तिचा बांध फुटला. "गुरुजी, तुमच्या त्या एक जूनने माझं वाटोळं केलं. एकोणीसला आडवा आला, पस्तीसला आडवा आला. दिवाळीत जन्मलेली पोरगी जूनमध्ये लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की," गुरुजी म्हणाले. "चांगलं वाटलं होतं."

मी कपाळाला हात लावला.

"जूनमध्ये सहा पूर्ण असल्याशिवाय पहिलीत नाव घालता यायचं नाही. तू पाच महिने कमी. तुझा बाप म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. हे 'पुढच्या वर्षी' मी लई ऐकलं होतं गं. म्हणून घातली एक जून. तुझी एकटीची नाही, या गावातल्या चाळीसएक पोरींची." मग त्यांनी चष्मा पुसला. "आण कागद. चूक म्हणून लिहून पाहिजे ना? देतो लिहून. या वयात मला कोण फासावर देणार आहे."

त्यांनी लिहिलं, 'माझ्या हातून चुकीची नोंद झाली', आणि सही केली. महानंदाने कागद घेतला. मला तर गाडीची वेळ दिसत होती.

तेवढ्यात इरव्वा बोलली. भांडायला नाही, भाकरीचं फडकं घडी करता करता, सहज.

"माझ्या वेळेला हे गुरुजी नव्हते. आधीचे मास्तर लई सरळ. खरी तारीख विचारली, तीन महिने कमी पडली, म्हणाले पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी आपला शिवा झाला. त्याला कडेवर घेतलं ते घेतलंच." तिने फडकं मांडीवर ठेवलं. "तुला एक जून तरी मिळाली महानंदा. माझ्या आधार कार्डावर नुसतं वर्ष आहे. तेही अंदाजे."

गावच्या शाळेच्या एकुलत्या एका बॅटीने महानंदा खेळायला शिकली, आणि इरव्वा तेव्हा शाळेच्या भिंतीबाहेर शिवाला कडेवर घेऊन बघत उभी असायची, हे महानंदानेच मला मागे कधीतरी हसत सांगितलं होतं.

महानंदाने कागद पुन्हा वाचला. मग दोन तुकडे केले, चार केले, आणि गुरुजींच्या पायाशी वाकली.

"तुमची चूक नाही झाली गुरुजी."

एसटीत मी तिला यथेच्छ शिव्या घातल्या. "बावळट! शंभरावा सामना, फळा, सोनेरी अक्षरं, सगळं फाडलंस की बे!" ती खिडकीबाहेर बघत रडत होती. तिला दुःख झालं नाही असं कुणी म्हणू नये. लई झालं. सप्टेंबरात संघ जाहीर झाला त्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि मला फोनवर म्हणाली, "बाराव्या ओळीत मावत होतं गं." असोसिएशनने निरोपाला शाल-नारळ दिला. नारळ कुजका निघाला. बारावी ओळ अजून रिकामी आहे. एक गडी सत्त्याण्णववर आहे म्हणतात, आडनाव लहान आहे, आरामात मावेल.

या एक जूनला मात्र तिने मला गावाला बोलावलं. दोन किलोचा केक, अक्कलकोटहून मांडीवर धरून आणलेला. अव्वा, फुलारी गुरुजी, शिवा, सगळे जमलेले. महानंदाने सुरी इरव्वाच्या हातात दिली.

"अक्का, आजपासून तुझीपण एक जून. दाखल्याचं नंतर बघू."

"वेडी का गं तू," इरव्वा म्हणाली, पण सुरी सोडली नाही. केकवर दोन नावं होती. ती वाकून बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "सरिता, यातलं माझं कुठलं?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिने तेवढी जागा सोडून केक कापला.