फक्कीनं आखलेलं स्टेडियम

सीओ साहेबांचा फोन आला तेव्हा मी पाण्याच्या टाकीची गळती बघत होते. सीओ म्हणजे नगरपंचायतीचे मुख्याधिकारी. मी तिथली कनिष्ठ अभियंता. नळाला पाणी आलं नाही, किंवा नको तिथं आलं, की गावातले लोक ज्या बाईला फोन करतात ती मी.

"मॅडम, मैदानावर कुणीतरी स्टेडियम बांधलंय," साहेब म्हणाले.

"काल तर नव्हतं."

"फक्कीनं बांधलंय. अण्णांच्या माणसांनी तक्रार केलीय. फ्लाइंग स्क्वॉड निघालंय. तुम्ही मंजूर नकाशा घेऊन पोचा."

निवडणुकीचे दिवस होते. आचारसंहिता लागलेली. ती कुणी मोडतंय का हे बघत फिरणाऱ्या पथकाला फ्लाइंग स्क्वॉड म्हणतात. नावावरून वाटतं तसं ते उडत नाही. एक जीप, एक व्हिडिओवाला, एक पोलीस आणि कुठल्या तरी खात्यातून उसना घेतलेला अधिकारी. आमच्या पथकाचे प्रमुख एरवी गुरांचे डॉक्टर होते.

गाव शिरूर आणि दौंडच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे. चारी बाजूंना ऊस. हंगामात पाटसच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांमागं अडकलं की माणसाला चिंतनाला भरपूर वेळ मिळतो. अशा गावात क्रिकेट असायला हवं. आमच्याकडं फुटबॉल आहे. जुन्या काळी गावातली काही माणसं दौंडला रेल्वेत नोकरीला लागली आणि तिथल्या कॉलनीतून हा खेळ घेऊन आली. त्यांनी गावाच्या कडेच्या पडीक जागेवर दगड वेचून मैदान केलं. दरवर्षी तिथं स्पर्धा भरते. मांडवगण फराट्यापासून लोक जीप भरून येतात.

या मैदानाला बसायची सोय कधीच नव्हती. लोक रेघेबाहेर उभे राहतात, पण वाटेल तिथं नाही. प्रत्येक वस्तीची जागा ठरलेली आहे. भीमनगर पूर्वेला लिंबाखाली. माळवाडी मधल्या रेघेपाशी. पाटील आळी दक्षिणेच्या गोलमागं. ज्याची त्याची जागा आजोबांपासूनची. सोयरीक जमवतानाही 'ते लोक कॉर्नरपाशी उभे राहतात' एवढ्यावर घराचा पत्ता लागतो.

मावळते नगराध्यक्ष आणि यंदाही उमेदवार असलेले अण्णा यांनी इथं भव्य स्टेडियम बांधायचं ठरवलं. 'भव्य' हा शब्द ठरावातच होता, त्यामुळे मला तो नकाशात बसवावा लागला. रस्त्याच्या बाजूनं दुकानांचे गाळे. प्रवेशकमान. व्यासपीठ. व्हीआयपी कक्ष. त्या कक्षाच्या काचेतून फक्त व्यासपीठ दिसतं, आणि व्यासपीठावरून कमान. शिवाय पार्किंग, लॉन, स्वच्छतागृहं. मधे जी जागा उरली तिला नकाशात 'क्रीडांगण' म्हटलं होतं. ते मापात सात जणांच्या फुटबॉलपुरतं होतं. मी हे बैठकीत सांगितलं होतं.

"मग सात जण खेळतील," अण्णा म्हणाले होते. "गर्दी कमी होईल."

ठराव एकमतानं झाला. विरोधकांनीही हात वर केला. गाळे सगळ्यांनाच हवे होते.

याचा अर्थ सरळ होता. स्टेडियम झालं की स्पर्धा बंद. अकरा जणांचं मैदान नाही तर संघ येणार नाहीत. हे गावात सगळ्यात आधी कळलं लक्ष्मणमामांना. मामा रेल्वेतून रिटायर झालेले फिटर. ते स्वतः फारसे कधी खेळले नाहीत. पण मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही, आणि एकही रेफ्री त्यांच्या शिव्यांतून सुटलेला नाही.

मामांनी लिंबाखाली बैठक घेतली. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर ऑफिसात, नकाशाची प्रत घ्यायला आले तेव्हा सांगितलं.

"पोरं म्हनली, आपला उमेदवार उभा करू. म्या म्हनलं, कोण? तर नऊ जण उठलं."

"मग?"

"मग काय! त्यातल्या तिघांनी तिथंच एकमेकांची कॉलर धरली. म्या म्हनलं, खाली बसा. आपन सपोर्टर हाय. सपोर्टर कवा ग्राउंडात उतरतो का? सपोर्टरनं भायेरनं वरडायचं. दोन्ही टीमला वरडायचं."

"निवडणुकीत ओरडता येत नाही मामा. आचारसंहिता आहे."

"म्हनून तर नकाशा पायजे. गप ऱ्हाऊन वरडायचंय."

मी प्रत दिली. मंजूर नकाशा कुणीही रीतसर अर्ज करून मागू शकतो. बहुतेक लोक मागत नाहीत, कारण तो कळत नाही. मामांनाही कळला नाही. त्यांनी तो बाजूनं, उलटा आणि उन्हात धरून बघितला आणि घडी घालून नेला.

साहेबांच्या फोननंतर मी मैदानावर पोचले तेव्हा तो नकाशा जमिनीवर होता.

बांधकामाआधी नकाशातल्या भिंती जागेवर खऱ्या मापात आखतात. याला लाइनआउट म्हणतात. टेप, दोरी, खुंट्या आणि फक्की लागते. फक्की म्हणजे पांढरी पूड, फुटबॉलच्या रेघाही तिनंच मारतात. फुटबॉल क्लबातली दोन-तीन माणसं रांजणगावच्या एमआयडीसीत साइट सुपरवायझर आहेत, त्यांनी हे काम केलं होतं. चौकोनांत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: गाळा. गाळा. गाळा. लॉन. संडास. कुणाचं नाव नाही, चिन्ह नाही, मत द्या किंवा देऊ नका असं काही नाही.

डॉक्टर साहेब डोक्याला रुमाल बांधून उभे होते.

"मॅडम, हा प्रचार आहे का?"

"हा लाइनआउट आहे."

"बेकायदा बांधकाम आहे का?"

"फक्की आहे. वारा आला की जाईल."

तक्रार करणारा अण्णांचा पुतण्या शेजारीच होता. "सायेब, लोकांची दिशाभूल चाललीय. हे खोटं हाय सगळं. स्टेडियम एवढं मोठं न्हाईच. मोजा तुमी. पंचनामा करा."

त्याला कुणीतरी गप्प करायला हवं होतं. पण त्याच्या बाजूचं तिथं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी पंचनाम्याचा आदेश दिला. मी टेपचं एक टोक पोलिसाच्या हातात दिलं आणि मोजत गेले. व्हिडिओवाला मागं मागं. एक गाळा थोडा आत आला होता, तेवढा सोडला तर सगळं मंजूर नकाशाबरहुकूम होतं. डॉक्टरांनी तसं लिहिलं: आखणी शासकीय नकाशाशी जुळते, सबब दिशाभूल आढळली नाही. मी सही केली. पंच म्हणून पुतण्यालाच सही करावी लागली.

"म्हंजी आता हे सरकारी झालं?" मामांनी विचारलं.

"रेघा नाही. माप झालं," मी म्हणाले.

"लई झालं तेवढं."

रविवारी सामना होता. भीमनगर विरुद्ध स्टेशन रस्ता. मला सीओ साहेबांनी थांबायला सांगितलं होतं, कुणी नकाशाबद्दल विचारलं तर माहिती द्यायला. नकाशा वाचून दाखवणं हा प्रचार होत नाही, हे डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. तेही आले होते, बहुधा ड्युटीवर.

लोक नेहमीप्रमाणे आले आणि नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी पायाखाली बघितलं.

भीमनगर अख्खं गाळ्यांत उभं होतं. इंगळे वस्ती संडासात. तिथल्या बायकांनी दोन पावलं मागं घेतली, तर पार्किंगमध्ये गेल्या. माळवाडीला व्हीआयपी कक्ष मिळाला होता, तिथं थोडा आनंद पसरला. मग कुणीतरी काच कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. मी सांगितलं. आनंद संपला.

खेळणाऱ्यांचे हाल वेगळेच. मामांनी पंचांना बजावलं होतं, की फक्कीच्या भिंतीला बॉल लागला की बाहेर. बॉल सारखा लॉनवर जात होता. एकदा एक चांगला मारलेला गोल मामांनी ओरडून नाकारला, कारण मारणारा व्यासपीठावर होता.

उमेदवार येऊ लागले. मतदान जवळ आल्यावर गर्दी जिथं असेल तिथं उमेदवार येतोच. प्रत्येक वॉर्डाचा उमेदवार आपल्या वॉर्डात गेला आणि वॉर्डानं त्याला हाताला धरून चौकोनात उभं केलं. कुणी भाषण केलं नाही. फक्त विचारलं, "बघा, हितनं दिसतंय का?"

इंगळे वस्तीचा उमेदवार तरुण होता. त्यानं खाली वाचलं आणि चप्पल झटकली. "काका, मला हितं कशाला उभं केलं?"

"आमी कुठं उभं ऱ्हायचं मग पुढल्या वर्षी? तूच सांग."

नगराध्यक्षपदाच्या विरोधी उमेदवार सुनंदाताई माळवाडीच्या. ठरावाला त्यांनीही हात वर केला होता. त्या व्हीआयपी कक्षात उभ्या राहिल्या, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला कुणी हे दाखवलंच नव्हतं." दाखवलं होतं. पण ते कागदावर.

शेवटी अण्णा आले. पांढरे कपडे, मागं चौदा-पंधरा माणसं. अण्णा पाटील आळीचे. ते कितीही मोठे झाले तरी मॅच बघायला दक्षिणेच्या गोलमागं, वडील जिथं उभे राहायचे तिथंच उभे राहतात. गेलेही तिथंच. या चौकोनात मात्र काही लिहिलेलं नव्हतं. नुसती फुली होती.

त्यांनी मला हात केला. "मॅडम, हे काय हाय? मी कुठं उभा हाय?"

मी नकाशा उघडला. बघायची गरज नव्हती, पण अशा वेळी कागद समोर असलेला बरा.

"सेप्टिक टँकवर, अण्णा."

मागच्या माणसांपैकी कुणी हसलं नाही. लिंबाखालून भीमनगर हसलं. त्यांना ऐकू जायचं कारण नव्हतं, पण बातमी रेघेवरून बॉलपेक्षा लवकर फिरते.

"सरकवा की मग तो," अण्णा म्हणाले.

"मागं सरकवला तर कमानीचा पाया येतो. पुढं सरकवला तर गोल येतो."

"आन् बाजूला?"

"बाजूला इंगळे वस्ती आहे. म्हणजे संडास."

अण्णा तिथंच उभे राहिले. मला वाटलं निघून जातील. पण पाटील आळीची सगळी माणसं त्याच चौकोनात होती, त्यांचा थोरला भाऊसुद्धा. सोडून जाणं बरं दिसलं नसतं. लक्ष्मणमामा सगळं मैदान ओलांडून, खेळ चालू असताना, हळूहळू चालत आले. पंचांनी शिट्टी मारली. मामांनी दुर्लक्ष केलं.

"अण्णा, तुमचं आबा हितंच उभं ऱ्हायचं. आठवतंय नव्हं?"

"आठवतंय."

"मला काय दुसरं बोलायचं न्हाई."

मामा परत गेले. जाताना पुन्हा मैदानातूनच गेले.

त्या संध्याकाळच्या सभेत अण्णांनी जाहीर केलं, की मैदानाला हात लावणार नाही. सुनंदाताईंनी दुसऱ्या दिवशी तेच जाहीर केलं. मग झाडून सगळ्या उमेदवारांनी केलं. अण्णा निवडून आले. मैदान वाचवल्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला, आणि हार घालायला मामाच पुढं होते. मी मामांकडं बघितलं.

"मॅच जिंकली ना? गोल कुनी मारला त्याच्याशी आपल्याला काय करायचं," ते म्हणाले.

नगरपंचायतीच्या पहिल्याच सभेत जुना नकाशा रद्द झाला. पुन्हा एकमतानं, पुन्हा तेच हात. गाळे थोडे राहिले, पण रस्त्याकडे तोंड करून, मैदानाबाहेर. कमान गेली. व्हीआयपी कक्ष गेला. नव्या नकाशात अकरा जणांचं मैदान पूर्ण मापाचं आहे आणि भोवती एक रुंद मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात वस्त्यांची नावं लिहा, असा सदस्यांचा आग्रह होता. सगळ्यांचा. मी लिहिली.

तांत्रिक मंजुरीसाठी नकाशा पुण्याला गेला आणि शेरा मारून परत आला. पट्ट्यात दर्शवलेलं भीमनगर, माळवाडी, पाटील आळी इत्यादी बांधकाम नेमकं काय आहे, त्याचा तपशील आणि खर्च सादर करावा.

मी उत्तर पाठवलं: बांधकाम नाही. तिथं लोक उभे राहतात. खर्च निरंक.

मंजुरी आली. तेव्हापासून कुठलंही नवं काम आलं, की ठरावाआधी मी जागेवर फक्की टाकून घेते आणि सदस्यांना आत उभं करते. निम्मी कामं तिथंच लहान होतात. सदस्यांना हे फारसं आवडत नाही. अण्णा तर हल्ली उभं राहण्याआधी विचारून घेतात.