सणापुरत्या गोळ्या

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या. चौथीतच शाळा सुटली माझी.

ऑकलंडला आले तेव्हा पेनरोज भागातल्या कारखान्यात बिस्किटं पॅक करायचं काम लागलं. पण पाळी आली की पोटात असा पीळ पडायचा की उभं राहवत नसे. सुपरवायझर बाईने बजावलं, आणखी खाडे झाले तर काम जाईल. तेव्हापासून पाळीची तारीख जवळ आली की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे.

हॉस्पिटलात पोटात दुर्बीण घालून तपासलं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेरही वाढलंय म्हणाले. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे आणि आमचे हे खिडकीकडे बघत मला मराठीत सांगायचे, "पाळी थांबवायच्या गोळ्या आहेत म्हणे."

मला वाटलं, त्याच त्या! गावी पूजा असली की बायका घेतात त्या. गणपतीत घेतल्या, बाकीच्या कपाटात ठेवल्या.

दुखणं तसंच. हिल्सबरोला आमच्या ओळखीच्या ताई राहतात, नागपूरच्या, नर्स आहेत. ह्यांना न सांगता त्यांच्याकडून उसने पैसे घेतले आणि एका चिनी वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, सुया टोचल्या, मुळ्या-सालींच्या पुड्या दिल्या. काढा उकळू लागला की लेक नाक दाबून ओरडायची, "आई, इट स्टिंक्स!"

"तुझ्या बाबांच्या मोज्यांपेक्षा बरा."

काढ्याने झोप लागायची. पाळीत मात्र पुन्हा तेच. मग वैद्यबाईंनी घरातली सगळी औषधं आणायला सांगितली. माझ्या वतीने इंग्रजीत बोलायला ताई सोबत आल्या. गोळ्यांची भरलेली पाकिटं पाहून वैद्यबाईंनी त्यांना काहीतरी विचारलं.

"ह्या उरल्या कशा गं?" ताई म्हणाल्या.

"गणपती झाले ना."

ताईंना आधी हसू फुटलं, मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, ह्या सणापुरत्या नाहीत! रोज घ्यायच्या. पाळी बंद राहिली की आतली सूज उतरते."

वैद्यबाईंनी पुड्या परत घेतल्या. आधी डॉक्टरांना काढ्याचं सांगा, म्हणाल्या. ताईंनी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू करायला लावल्या, काढा तूर्त नको म्हणाले, सुया चालतील म्हणाले.

पुढचे काही महिने जीव टांगणीला. वजन वाढलं, चिडचिड व्हायची, जरा पोटात हललं तरी घाम फुटायचा. दुखणं पुरतं गेलं नाही. पण खाडा होईना, पगार पुरा येऊ लागला. त्यातून थोडे थोडे करत ताईंचे सगळे पैसे फेडले.