नाहीतरी चालायचंच आहे ना

आमच्या सूनबाईचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट पार पडलं. त्रास झाला तो नंतर, आणि तो डॉक्टरांनी दिलेला नव्हता. तो आमच्या इमारतीने दिला, आमच्या घराने दिला. चारचौघांत तावातावाने बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून हे लिहून काढतो आहे. लिहिणंही फारसं जमतं असं नाही.

सूनबाई पडद्यांच्या दुकानात काम करते. मोठ्या टेबलावर ताग्यातून कापड सोडायचं, खिडकीच्या मापाने कापायचं, कडा दुमडून मशीन मारायची. धाकटीच्या बाळंतपणानंतर तिचं वजन वाढत गेलं ते थांबेचना. उपाशी राहून झालं, गोळ्या झाल्या, लोकांनी सांगितलेले काढे झाले. साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा डॉक्टरांनीच ऑपरेशन सुचवलं.

लिफ्टमध्ये ती कधी गर्दीत चढली नाही. आत कुणी असलं की "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून" म्हणून बाजूला थांबायची. एकदा लिफ्टची घंटी वाजली आणि कुणीतरी तिच्याकडे बघत "आता उतरणार कोण?" असं विचारलं होतं. सगळे हसले होते, तीही हसली होती. जाड माणूस म्हणजे आळशी, हे लोकांनी परस्पर ठरवूनच टाकलेलं असतं. तसं आपल्याला कुणी म्हणू नये म्हणून ही बाई दुप्पट राबली. कुणाच्या घरचे पडदे शिवून दे, कुणाच्या पाहुण्यांची अंथरुणं घाल, कुणाच्या मुलांना शाळेतून आण. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी ऐकला नव्हता.

हॉस्पिटलमधून सोडताना तिथल्या फिजिओताईंनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. मीही होतो. आधी घरातल्या घरात चालायचं, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये, मग सपाट रस्त्यावर. चालता चालता बोलता यावं एवढाच वेग. दम लागला की थांबायचं, लाजायचं नाही. पाण्याची छोटी बाटली जवळ, घोट घोट प्यायचं. पोटावर ताण येईल असा व्यायाम आम्ही सांगेपर्यंत करायचा नाही. आणि हात रिकामे.

"भरलेली बादलीसुद्धा नाही हं," त्या म्हणाल्या. "आतले टाके दिसत नाहीत, पण असतात. तिथे फुगवटा आला तर परत टेबलावर घ्यावं लागेल."

सूनबाईचा चेहरा उतरला. ऑपरेशनला आत नेताना एवढी घाबरली नव्हती. घरी येताना गाडीत मला म्हणाली, "बाबा, काहीही करीन, पण परत नको."

पॅसेजमध्ये ती भिंतीला तळवा टेकवत चालायची. आमच्या दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून परत. तळमजल्यावरच्या काकू वर कुणाकडे आल्या की मुद्दाम थांबून बघायच्या.

"काय गं, एवढं पोट कापून घेतलंस आणि चाल मात्र गोगलगायीची?"

"हळूहळूच सांगितलंय, काकू."

"सांगणारच ते! तुम्हाला सोपा मार्ग सापडला बाई. आम्ही आयुष्यभर घरकाम केलं, तोच आमचा व्यायाम."

सोपा मार्ग! चमचाभर पाणी घशाखाली जाताना या बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. सगळं घर जेवायला बसलेलं असताना वाटीभर पातळ सूप घेऊन ती तासभर बसायची, आणि वर आम्हालाच आग्रह करायची. काकूंनी एक दिवस तरी तसं बसून दाखवावं.

तरी ती चालत राहिली. पुढे रस्त्यावर जायची परवानगी मिळाली. फाटकापासून पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत रस्ता सपाट आहे, सावलीचा आहे. पहिल्या दिवशी कोपऱ्याला हात लावून परत आली तेव्हा चेहरा असा फुलला होता, जणू डोंगर चढून आली. आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी खिडकीतून हाक मारली.

"निघालीस का? नाहीतरी चालायचंच आहे ना, मग येताना माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आण की."

गोळ्यांचं कसलं आलंय ओझं? ती हो म्हणाली. पण औषधांचं दुकान पोस्टाच्या पुढे, चढावर. तिथे रांग. रांगेत उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग वरच्या मजल्यावरच्यांचे इस्त्रीचे कपडे आले. समोरच्यांचं कुरिअर आलं. सगळ्यांचं वाक्य एकच, आणि सगळे असे बोलायचे की जणू तिच्यावरच उपकार करताहेत, तिला चालायला निमित्त देताहेत. माझा मुलगा तर काय सांगू! "तू सरळ नाही म्हण ना सगळ्यांना," असं तिला समजावत होता, आणि समजावता समजावता तळ निघालेले आपले बूट पिशवीत भरत होता.

"हे काही जड नाहीयेत गं. चांभार वाटेतच आहे."

ज्या चालण्यात तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकायचा होता, त्यात आता कुणाची वेळ, कुणाचे सुटे पैसे, कुणाचं 'विसरू नकोस हं' भरलेलं. ती भरभर चालायला लागली. पाण्याची बाटली घरीच राहायला लागली, कारण हातात जागा नव्हती.

शेवटी आमच्या लेकीने कहर केला. ती पलीकडच्या गल्लीत राहते, नोकरी करते, घाईत असते. सगळं मान्य. तिने फोनवर सांगितलं, "वहिनी, तेलाचा मोठा डबा ऑफरमध्ये आहे, संध्याकाळपर्यंत संपेल. आणून ठेवतेस? ऑफिसातून येताना मी नेईन."

"जड असेल गं तो."

"दोन हातांनी धरायचा! तेवढाच व्यायाम."

हे मला नंतर कळलं. मी केस कापून परत येत होतो, तर सूनबाई फाटकाजवळच्या पायरीवर बसलेली. घामाने डबडबलेली, ओठ कोरडे, एक हात पोटावर दाबलेला. शेजारी डबा. फाटकातून जाणारा एकजण म्हणतो, "काय वहिनी, ऑपरेशन करूनही दम लागतोच का?" मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

संध्याकाळी लेक आली, डबा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अय्या, कोपरा चेपलाय की!"

वहिनी आत झोपली आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे तपासणी होती. मी सोबत गेलो. "चालणं कसं चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं. "भरपूर चालते," ती म्हणाली. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी पोटावरच्या एका व्रणाजवळ बोट दाबलं आणि ती कळवळली.

"काय उचललंत?"

"काही नाही हो."

"तेलाचा डबा," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की बाहेरची नर्स डोकावली. "आणि लोकांच्या पिशव्या. रोज."

फुगवटा नव्हता. पण टाक्यांवर ताण आला होता. डॉक्टर म्हणाले, परत पॅसेजपासून सुरुवात करा. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. कमावलेला सगळा रस्ता तिने गमावला होता, दुसऱ्यांच्या कामापायी.

मुलगा वरमला. त्याने इमारतीच्या ग्रुपवर नम्रपणे लिहिलं की कृपया काही दिवस हिला काम सांगू नका. त्यावर अंगठे आले, फुलं आली, 'काळजी घ्या' आलं. काकूंचं आलं ते असं: 'चार गोळ्या काय आणायला सांगितल्या, तर जगजाहीर केलं. आता मेले तरी तुमच्या दारात येणार नाही.' लेकीचा फोन आला, "म्हणजे माझ्यामुळे झालं असं म्हणणं आहे का तुमचं?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

आणि सूनबाईलाच अपराधी वाटायला लागलं! "काकू एकट्या असतात हो," असं दिवसभर चाललेलं. पॅसेजचे दिवस संपून पुन्हा रस्त्यावर जायची मुभा मिळाली, त्या सकाळी ती आधी काकूंच्या दारापाशी थांबली. मी मागे होतो. आता मी रोज सोबत जातो.

"काकू, रागावू नका हं. माझं चुकलं असेल तर..."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "तुझ्यावर कसली रागावतेय मी, लेकीसारखी तू." असं म्हणत म्हणत त्यांनी दारामागून पिशवी काढली. आत रद्दीचा गठ्ठा, बांधून तयार. "निघालीच आहेस तर ही तेवढी रद्दीवाल्याकडे टाक."

पिशवी सूनबाईच्या हातात गेलीसुद्धा. सवयच तशी. बोटं आपोआप मिटली, खांदा एका बाजूला झुकला. मग तिचा दुसरा हात पोटावर गेला. मला वाटलं, संपलं, ही आता निघणार.

तिने गुडघे वाकवून, फिजिओताईंनी शिकवलं होतं तशी पाठ सरळ ठेवून, पिशवी काकूंच्या उंबऱ्यापाशी खाली ठेवली.

"अगं, पिशवी!"

"नाही, काकू," ती म्हणाली. "मी चालायला निघालेय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही तरी न्या. नाहीतरी तुम्ही..."

मी भिडस्त माणूस. एरवी नेलीही असती. पण मी पिशवी ओलांडली आणि सुनेच्या मागोमाग फाटकाबाहेर पडलो.

काकू त्या दिवसापासून आमच्याशी बोलत नाहीत. लेक येते, पण गाल फुगवून बसते. बसू दे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी दाबून पाहिलं, दुखलं नाही. सूनबाई आता पोस्टाच्या पुढचा चढ अर्ध्यापर्यंत चढते. मला दम लागतो, तेव्हा ती थांबते, बाटली उघडते आणि आधी स्वतः एक घोट घेते.