अमेरिकेचं घड्याळ पुढे, आमची संध्याकाळ गेली

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून ब्रेकमध्ये बसून लिहितेय.

मी बडोद्यातल्या एका ऑफिसात अमेरिकन ग्राहकांचे फोन घेते. काल तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणून आजपासून आमची शिफ्ट संध्याकाळी साडेसहाऐवजी साडेपाचला.

मॅनेजरला म्हटलं, मला नाही जमणार. तो हसला. "एक कलाकमां शुं बगडी जवानुं छे, बेन?"

एका तासात काय बिघडतं, सांगते. माझ्या आईला अंधार पडला की दिसत नाही. घरात आम्ही दोघीच. मार्चमधलं ऊन पाचपर्यंत भाजून काढतं. ते उतरलं की मी तिला दांडिया बाजारातून सुरसागर तलावापर्यंत फिरवून आणते आणि मग कामावर जाते. दिवसभरात ती घराबाहेर पडते ती तेवढीच. नेमका तोच तास गेला.

त्यांना संध्याकाळी जास्त उजेड हवाय, तर घ्या ना! हे घड्याळ हलवणं बंद करायचं का, यावर तिकडे म्हणे दरवर्षी वाद होतो. त्या वादात आम्हाला विचारतंय कोण?

आज पर्स उचलून निघाले, तर आई बाहेरची साडी नेसून, चपला घालून दारात उभी. कालच सांगितलं होतं तिला. तरीही.

म्हटलं, "आई, वेळ बदलली गं आता."

तिने समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघितलं. "ऊन तर रोजच्याच जागी आहे. मग तू कुठे निघालीस?"

तिला आत बसवलं आणि निघाले. तुम्हीच सांगा, काय सांगायचं तिला?