वस्तादची नखं

बसचा पाटा उतरवायला दोन माणसं लागतात. पाटा म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची जाडजूड जुडी. एका टोकाला एकाने धरायचं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने. डेपोच्या वर्कशॉपमध्ये वस्ताद तो एकटा उतरवायचा. कुणी मदतीला पुढे झालंच तर म्हणायचा, "सरक बाबा, तुझी कंबर लचकली तर तुझी बायको मला शिव्या घालेल." सगळे हसायचे. तिशीत उतरवायचा तसा पन्नाशीनंतरही उतरवायचा, आणि घरी जाऊन तीच कंबर शेकत पालथा पडायचा. हे एकट्या बायकोला ठाऊक होतं.

दुसऱ्याला नावं ठेवण्यातही त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्टोअरमध्ये एक मवाळ गृहस्थ होता. त्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत घरी पळायचा, तिला भरवायचा, तिचे कपडे बदलायचा. एकदा बिचारा हे सगळं भोळेपणाने सांगून बसला. वस्ताद भर पंगतीत म्हणाला, "अरे, मग तू गडी कसला? तू तर आया!" झालं! त्याचं खरं नाव तेवढं पगाराच्या कागदावर उरलं. काल भरती झालेला माणूसही खिडकीशी उभा राहून "ओ आया, चार नट द्या" म्हणायला लागला. आई गेली तरी नाव जाईना. शेवटी त्याने दुसऱ्या डेपोत बदली मागून घेतली. वस्तादला त्याचं काही वाटलं नाही. गंमत होती, गमतीत घ्यावी, एवढं काय त्यात?

पुढे दोन वर्षांनी वस्तादची बायको मोरीत भांडी घासता घासता कोसळली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि वाचाही जवळजवळ गेली. एकेक शब्द ओठांवर आणताना तिला धाप लागायची. मूलबाळ नव्हतं. तिची बहीण महिनाभर राहिली, पण तिलाही तिचं घर होतंच की. निघताना ती म्हणाली, "भावजी, आता तुम्हीच."

आणि खरं सांगायचं तर त्याने केलं. खोटं कशाला बोला? ज्याला स्वतःचा शर्ट कुठल्या कपाटात असतो ते माहीत नव्हतं, तो माणूस रोग्याला न उठवता अंगाखालची चादर कशी बदलायची ते शिकला. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, भांडं द्यायचं, घास मऊ करून डाव्या गालात सरकवायचा. केस विंचरायलाही शिकला. पहिले आठ दिवस वेणी सुटून यायची आणि ती अर्ध्या तोंडाने हसायची. मग जमली, आणि अशी जमली की शेजारीण विचारायला आली, कोण घालतं म्हणून. डेपो घरापासून पाच मिनिटांवर. दुपारी तो घरी यायचा. विचारलं कुणी तर, "पोटात आग पडते रे, घरचं गरम लागतं."

एकदा तोंड पुसताना त्याचं नख तिच्या गालाला लागलं, ओरखडा उठला. त्या दिवसापासून तो नखं पार मुळापर्यंत कापायचा. कामावरून आला की आधी रॉकेलने हात धुवायचा, मग साबणाने, मग परत साबणाने, आणि मगच तिच्याजवळ जायचा.

हीच नखं नडली. वर्कशॉपमध्ये स्वच्छ नखं कुणाची असतात? चहाच्या वेळी फोरमनने त्याचा हात धरून सगळ्यांना दाखवला. "बघा रे, वस्तादची नखं बघा! नवऱ्या मुलीसारखी! काय वस्ताद, घरी वहिनींची वेणीफणी करतोस की काय?"

एवढा मोठा हशा पिकला. वस्तादला ती खिडकी आठवली, ते "ओ आया" आठवलं. तो म्हणाला, "हॅट! बाई ठेवलीय मी. आपल्याला कुठं जमतंय ते?"

एक खोटं पचलं की माणूस दुसरं खायला मोकळा. हळूहळू त्या नसलेल्या बाईला त्याने हातपाय दिले. बाई तोंडाळ आहे, चहात तीन चमचे साखर घेते, पण कामाला वाघ. तीन वर्षं ती बाई डेपोत नांदली.

मग एका रविवारी फोरमन आणि तिघेजण फळं घेऊन, न कळवता घरी आले. वस्तादने सकाळीच बायकोला आंघोळ घातली होती, धुतलेले कपडे, ताठ वेणी. ती उशांना टेकून बसली होती. पाहुणे पलंगासमोरच बसले. एकच तर खोली.

"वहिनी अगदी टापटीप हो," फोरमन म्हणाला. "बाई चांगली मिळाली."

इथे नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण समोर चार गडी बसलेले! वस्ताद म्हणाला, "बाई आहे म्हणून चाललंय. मी तर हातसुद्धा लावत नाही. बायकांचं काम ते. खरं सांगू, मला किळस येते."

चौघेही समजुतीने हसले. ती नवऱ्याकडे बघत होती. जीभ गेली होती तिची, कान शाबूत होते.

संध्याकाळी तो फणी घेऊन जवळ बसला तर तिने डाव्या हाताने त्याचं मनगट बाजूला सारलं. त्याने घास पुढे केला, तर तिने तोंड मिटून घेतलं.

"अगं, ते आपलं बोलायला. तुला कळत नाही का?"

तिने मान हलवली. मग ओठ जुळवत म्हणाली, "सांग... त्यांना."

"काय सांगू?"

"खरं." मग दम घेऊन, "नाहीतर... बाई आण."

उद्या सांगतो, तो म्हणाला. आणि सांगायचंच म्हणून गेलाही. जेवायला बसल्यावर "अरे ऐका" अशी सुरुवातसुद्धा केली. चार माना वर झाल्या. तो म्हणाला, "मीठ आहे का कुणाकडे?" घरी आल्यावर तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं. त्याने मान खाली घातली. दोन दिवस तिने त्याच्या हातचा घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी झक मारत बाई शोधून आणली.

बाई वाईट नव्हती. पण चार घरची कामं करणारी ती. सकाळी तास, संध्याकाळी तास, वेणी घालताना हिसडे. मधल्या वेळात ही ओल्यात पडून राहायची. तो कूस बदलायला गेला की त्या एका हाताने पलंगाची कड अशी धरायची की बोटं सोडवता सुटत नसत. मोडतील म्हणून तोच भ्यायचा. हट्टी होती? असेल. पण किळस येते म्हणणाऱ्याचा हात कुणी कसा अंगाला लावून घ्यावा?

तो रोज डेपोत जायचा, रोज आज सांगतो म्हणून जायचा. ज्याने बसचा पाटा एकट्याने उचलला त्याच्याने चार शब्द उचलवेनात. भेकड! दुसरा शब्द नाही. तीन वर्षांत तिच्या पाठीवर साधा लाल डाग उठला नव्हता. दुसऱ्या महिन्यात जखम झाली, तिसऱ्यात चिघळली, ताप भरला. दवाखान्यात त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "सोमवारी सांगतो. नक्की. तुझी शपथ." तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. रविवारी ती गेली.

पंधरा दिवसांनी तो कामावर रुजू झाला. जेवणाच्या सुट्टीत सगळे हळू आवाजात बोलत होते. फोरमन म्हणाला, "त्या बाईने मात्र खूप केलं हो वहिनींचं. सख्खी बहीण करणार नाही एवढं."

वस्तादने डबा बंद केला. "बाई नव्हती," तो म्हणाला. "शेवटचे तीन महिने होती फक्त. त्याआधी तीन वर्षं मी केलं. भांडं मी दिलं. आंघोळ मी घातली. वेणी मी घालायचो. किळस कधी आली नाही मला. खोटं बोललो मी तुमच्यासमोर. आणि तिच्यासमोर."

कोपऱ्यातला एकजण फिस्सकन हसला. फोरमनने त्याच्यावर डोळे वटारले. मग वस्तादच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं असं. आपण काहीच केलं नाही असं वाटत राहतं माणसाला, मग मन असलं काहीबाही रचतं. जाऊ दे. चहा घे."

"अरे, खरं सांगतोय! तुम्हीच बघितली होती ना नखं?" त्याने दोन्ही हात पुढे केले. साडेतीन महिन्यांची काळी, वाढलेली, ग्रीस भरलेली नखं.



"मग म्हणा ना मला आया!" तो ओरडला. "त्याला म्हटलं होतं ना आपण? म्हणा की! एकदा तरी म्हणा!"

लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी चहाचा पेला त्याच्या हातात दिला. फोरमन दबक्या आवाजात म्हणाला की आठ दिवस त्याला अवजड काम देऊ नका.

दुसऱ्या दिवशी तो नखं मुळापर्यंत कापून आला आणि जेवताना हात मुद्दाम सगळ्यांसमोर पसरून बसला. शेजारच्याने डबा उघडला.

"वस्ताद, जरा सरक ना," तो म्हणाला.

वस्ताद सरकला.