खाली कुठे आली?

हॉलवाले काका माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कमरेकडे बघायचे. नमस्कार नंतर. पनवेलजवळ सुकापूरच्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराचा, तीनशे खुर्च्यांचा त्यांचा लग्नाचा हॉल होता. आमच्याकडे जमिनी विकल्या गेल्या, बंगले उठले आणि काही कमरांना परवान्याची रिव्हॉल्व्हरं आली. काकांच्या दारावर मात्र हाताने लिहिलेली पाटी होती : ‘हत्यार घरी ठेवून या.’ कुणाचं हत्यार सांभाळायलाही ते तयार नसत. म्हणायचे, “चपला सांभाळीन. ते नाही.”

बाकी कशालाच त्यांची आडकाठी नव्हती. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. हॉल कुणाला द्यायचा हे त्यांनी जातधर्म विचारून कधी ठरवलं नाही. एका वरपित्याने ‘अमक्या लोकांना तुम्ही हॉल देता का?’ असं नाक मुरडून विचारलं, तेव्हा त्यालाच दुसरा हॉल बघायला सांगितलं. एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दोन पक्षांच्या सभा त्यांनी एकाच आठवड्यात होऊ दिल्या. शेजारी कुरकुरले, तर म्हणाले, “बोलण्याने पत्र्याला भोक पडत नाही.”

एकदा कमरेला पिस्तूल लावलेल्या एका वकिलाने त्यांना दारातच गाठलं. खासगी धंदेवाला गिऱ्हाइकाचा हक्क उंबऱ्यावर काढून घेऊ शकतो का, असा त्याचा मुद्दा. काका म्हणाले, “जात-धर्म बघून गिऱ्हाईक अडवायचं नाही, असं घटनेनेच दुकानदाराला सांगितलंय. ते मी पाळतो. बंदुकीचं घटनेत कुठे आहे ते दाखवा. परवाना सरकारचा, छप्पर माझं.” वकील हसला, पण मागे फिरला.

माझ्या मुलीची हळद शनिवारी आली. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काका कामाला हात लावत नसत. तेवढा वेळ ज्याचं कार्य त्याने दार सांभाळायचं. गुरुवारी किल्ली देताना मला म्हणाले, “तुम्ही कागद तपासणारे. म्हणून सांगतो, कुणी परवाना दाखवला तर वाचू नका. कागद खरा असतो, गोळीही खरीच असते.”

साडेपाचला माझा मेहुणा आला. शर्टाखाली उंचवटा दिसत होता. मी पाटी दाखवली.

“भावजी, सरकारनं दिलंय, चोरीचा नाय,” तो म्हणाला. “भाचीचे हळदीला मामाला दारात उभा करता? आमचा हक्क हाय. हे घ्या, वाचा.”

मी वाचला. सत्तावीस वर्षं कचेरीत तेच केलंय. नाव, नंबर, शिक्का, सही. मुदत संपायला चौदा महिने बाकी. चूक सापडेना, आणि चूक नाही तर अडवायला कारण नाही, असं मला वाटलं. त्याच्यामागे बायकोच्या माहेरची अठरा माणसं ताटकळत होती. मी बाजूला झालो.

सहा चाळीसला बँडच्या तालावर त्याने वर एक गोळी झाडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी पाटावर बसली होती, तिथून अकरा फुटांवर; मी नंतर मोजलं. पत्र्याला करंगळीएवढं भोक पडलं.

तारे दिसल्यावर काका आले. ते मला रागावले नाहीत. भोकाखाली उभे राहून वर बघत म्हणाले, “वर गेली ते कळलं. खाली कुठे आली?”

तोवर हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

पोलिसांना त्यांनीच कळवलं. रिव्हॉल्व्हर जमा झालं, मेहुण्याचं आमच्याकडे येणं थांबलं. लग्न उरकल्यावर आम्ही दोघे ती गोळी शोधत, शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी, आसपासच्या इमारती हिंडायला लागलो. कुणाला लागलं का, टाकी फुटली का, विचारायचं, गच्ची बघायची, वहीत लिहायचं. काकांचे गुडघे दुखत. जिन्यात थांबून ते मला टोमणा मारायचे, “ह्या पायऱ्या कोणत्या रकान्यात घालता?” चाळीस इमारतींसमोर मी ‘काही नाही’ लिहिलं. एकेचाळिसाव्या इमारतीत गच्ची चौथ्या मजल्यावरच्या घराला जोडलेली, आणि घराला कुलूप. तिथे एक बाई एकटीच राहायच्या. हळदीच्या त्या आठवड्यापासून दिसल्या नाहीत, असं वॉचमन म्हणाला. मी पुन्हा ‘काही नाही’ लिहायला लागलो, तर काकांनी पेन धरलं.

“कुलूप लिहा. कुलूप म्हणजे ‘नाही’ नव्हे.”

दोन वर्षांनी हॉल विकून ते मुलाकडे इस्रायलला गेले. निरोप घेतानाही आधी त्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं, मग तोंडाकडे. दर शनिवारी, तिकडे तारे दिसले की, त्यांचा फोन यायचा. पहिला शब्द, “उघडलं?” मी नाही म्हणायचो. मग मुलीची चौकशी, माझ्या रक्तदाबाची, भाजीच्या भावाची.

यंदा मुलाचा फोन आला. काका गेले. “बाबा शेवटी सारखं म्हणायचे, पनवेलला एक दार विचारायचं राहिलंय,” तो म्हणाला. “कसलं दार?” मी सगळं सांगितलं.

हॉलच्या जागी आता बावीस मजले उभे आहेत. ते भोक पत्र्यासकट भंगारात गेलं. वही माझ्याकडे आहे.

परवा बाजारातून येताना सवयीने त्या एकेचाळिसाव्या इमारतीकडे मान वर केली. चौथ्या मजल्यावर दिवा होता. दोरीवर एक साडी वाळत होती, की एखादी चादर, खालून कळेना. पिशवी हातात धरून मी उभा राहिलो. वर गेलो नाही.

उद्या शनिवार आहे. वही पिशवीत घालून ठेवलीय. शनिवारी दार माझ्याकडे असतं.