कुत्रं पळवायचं पाणी

शकुबाईंचा राग गल्लीला नवा नव्हता. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी वरात चालली होती. नवरदेव घोडीवर, पोरं डीजेपुढं नाचण्यात दंग, आणि घोडीच्या तोंडाला फेस. शकुबाई पाण्याची बादली घेऊन रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. घोडीनं बादलीचा तळ चाटेपर्यंत त्यांनी वरात हलू दिली नाही. नवरदेवाचा मामा ओरडला, "मुहूर्त टळून राह्यला न बाई!"

"मुहूर्त तुमचा, तहान तिची," शकुबाई म्हणाल्या. "नवरदेवाले पायी चालवा, मंग नाही टळत."

त्या केळापूरकडच्या एका खेड्यातल्या. वडील वखरावरून आले की आधी बैलांना पाणी दाखवायचे, मग स्वतःच्या तोंडाला तांब्या लावायचे. लग्न होऊन मारेगावला आल्या. नवरा, मारोतराव, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, आता निवृत्त. बैल मागे राहिले, पण सवय सुटली नाही. पहिली भाकर गाईची, शेवटचा चतकोर कुत्र्याचा, आणि दर गुरुवारी दत्ताचा उपवास. देवापुढं डोळे मिटायचे आणि दारातल्या जिवापुढंही मिटायचे, याला त्या भक्ती मानत नसत. हे त्या मनात ठेवत नसत, मोठ्यानं म्हणत. म्हणून पुष्कळ जणी त्यांना टाळून मंदिरात जात.

यंदा ऊन चोरासारखं आलं. होळी नुकतीच झाली होती, पोरांच्या गळ्यातल्या साखरगाठ्या अजून खाऊन संपल्या नव्हत्या. पहाटे अंगावर चादर लागायची. आणि एके दिवशी सकाळच्या चहालाच अंगाची लाही झाली. कूलर सगळे माळ्यावर, ताडपत्रीत गुंडाळलेले. नळ चार दिवसांआड. मारोतरावांनी डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा घातला आणि तरी बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परत आले. मोकाट गाई एटीएमच्या दाराशी जाऊन बसल्या, दाराच्या फटीतून येणाऱ्या गार हवेला नाकं लावून. समोरच्या अर्पिताची मांजर न्हाणीच्या फरशीवर पोट टेकून पडली ती उठेचना. अर्पितानं तिच्या बाजूनं पाणी घेत कशीबशी अंघोळ उरकली.

आणि अशा उन्हातसुद्धा गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी बाटल्या उभ्या होत्या. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, आत रंगीत पाणी. रंगीत पाणी दिसलं की कुत्रं तिथं घाण करत नाही म्हणतात. कुणी नीळ घालतं, कुणी कुंकू. यंदा होळीचा उरलेला गुलाबी रंग होता. शकुबाईंनी अशी बाटली कधी ठेवली नाही. उलट फाटकाबाहेर काठ फुटलेली एक दगडी कुंडी पाण्यानं भरून ठेवायच्या, त्यावरून बोलणीही खायच्या. त्या चिडून म्हणायच्या, "कुत्र्याले पळवाले घरोघरी पाणी हाय, पाजाले कोणाच्याच घरी नाही."

शेजारच्या नयनच्या फाटकाशी तर बाटल्यांची रांगच होती, आणि गंमत अशी की गल्लीतलं सगळ्यात महागडं कुत्रं त्याच्याच घरी होतं. नयनचं टाइल्सचं दुकान. त्यानं नागपूरहून एक हस्की आणलं होतं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, बर्फाच्या मुलखातलं. नाव ब्रुनो. नयनची बायको निशिगंधा रोज त्याचे फोटो काढायची. शकुबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काहून आणलं व याले इथं? आपल्या वैशाखात आपल्यालेच धड राहता येत नाही." निशिगंधा हसून म्हणाली होती, "काकू, कूलर लावू न त्याले!"

त्या गुरुवारी नयन आणि निशिगंधा पहाटेच माहूरला गेले. दत्ताच्या दर्शनाला. ब्रुनोला मागच्या अंगणात टिनाच्या शेडखाली साखळीनं बांधलं, समोर कूलर लावला, भांडंभर पाणी ठेवलं, फाटकाला कुलूप.

दुपारी लाईन गेली, सगळ्या गल्लीची वीज बंद.

शकुबाईंच्या अंगणात त्या वेळी देवीलाल मिस्त्री त्यांचा कूलर उघडून बसला होता. त्या दिवसांत त्याला गल्लीगल्लीतून बोलावणी होती. शकुबाई त्याला पन्हं द्यायला बाहेर आल्या. भिंतीपलीकडं ब्रुनो सकाळपासून मधूनमधून भुंकत होता. लाईन गेल्यावर भुंकणं वाढलं. मग ते रडल्यासारखं झालं. आणि मग थांबलं. तशा शकुबाईही पेला हातात धरून थांबल्या.

स्टुलावर चढून त्यांनी भिंतीपलीकडं पाहिलं. कूलर बंद. पाण्याचं भांडं उपडं. टिनाखाली भट्टी पेटल्यागत हवा. सावलीची न्हाणी चार हातांवर होती, पण साखळी तिथवर पोचत नव्हती. ब्रुनो कुशीवर पडला होता, जीभ धुळीत, पोट भात्यासारखं हलत होतं.

"अवं, ऐकता का! नयनले फोन लावा!"

मारोतरावांनी लावला. बऱ्याच वेळानं नयननं उचलला. मागून आरतीची घंटा ऐकू येत होती.

"काका, कूलर लावून देला न त्याले."

"लाईन नाही बाप्पा. कुत्रं पडलं तुयं."

"पडलं म्हणजे झोपलं असन. रांगेत हाओत आम्ही, संध्याकाळपर्यंत येतोच. कुलूप नका तोडू हं काका, घरात सामान हाय."

शकुबाईंना ते सगळं ऐकू आलं. मारोतराव फोन खिशात घालता घालता म्हणाले, "आता त्यायचं कुत्रं, त्यायचं घर. आपण काय करावं?"

"दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली हायेत," शकुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "त्यायच्यासमोर जाऊन हे लोक डोकं टेकवते अन् घरचं टिनाखाली भाजाले टाकते! वरून सामानाची काळजी! देवीलाल, तोड ते कुलूप."

देवीलालनं पाना खाली ठेवला. "नाही हो काकू. उद्या काही हरवलं तं नाव माह्यंच येईन. मले रोज घराघरात जा लागते."

त्याचंही खोटं नव्हतं. शकुबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा कूलरच्या लोखंडी स्टँडकडं. "मंग हे तरी धर."

स्टँड भिंतीला लागला. शकुबाईंनी पदर खोचला, लुगड्याचा काष्टा आवळला. मारोतराव म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन सांगतलं हाय डॉक्टरनं, ध्यान हाय न?" त्या तोवर भिंतीवर बसल्या होत्या. समोरच्या स्लॅबवरून अर्पिता मोबाइल धरून शूट करत होती.

"अर्पिता! ते खाली ठेव अन् पाणी आण!"

"काकू, नळ उद्या हाय. आमचं सगळं कूलरमधी ओतलं."

शकुबाई पलीकडं उतरल्या. उतरल्या म्हणजे घसरल्याच. कोपर सोलून निघालं. त्यांनी आधी साखळी सोडली. ती इतकी तापली होती की पदरानं धरावी लागली. ब्रुनोला पुढच्या पायांखाली धरून त्यांनी ओढत न्हाणीच्या सावलीत नेलं. मारोतरावांनी भिंतीवरून माठातलं पाणी दिलं. ते थोडंच होतं, फाटकाबाहेरची कुंडी तर सकाळीच गाईंनी संपवली होती. तोंडावर, कानांवर शिंपडलं, ओठ ओले केले. तो पिईना. अंग तव्यासारखं तापलेलं. एवढ्या केसाळ जिवाला भिजवायला तांब्याभर पाणी कुठून पुरणार? लाईन नाही म्हणजे बोअरही बंद.

शकुबाई वळल्या आणि घराच्या कडेच्या बोळातून त्यांना फाटकाशी ती रांग दिसली.

फाटकाच्या गजांतून हात घालून त्यांनी बाटल्या ओढून आणल्या आणि पहिली उघडून ब्रुनोच्या पोटावर ओतली. मग दुसरी. पांढरं कुत्रं गुलाबी होऊ लागलं. त्या ओरडल्या, "आणा रे सगळ्यायच्या! सगळ्या बाटल्या आणा!"

"काकू, मंग आमच्या फाटकाशी कुत्रे येतीन न," अर्पिता वरून म्हणाली.

"येऊ दे! येऊन मुतू दे! धुऊन टाकजो! आधी हे वाचू दे!"

कुलूप तोडायला नाही म्हणणारा देवीलाल मात्र आता पळाला. या फाटकापासून त्या फाटकापर्यंत बाटल्या उचलत आला आणि भिंतीवरून एकेक देऊ लागला. पाणी उन्हानं कोमट झालेलं, पण ओल्या अंगाला वारा लागला की गारवा येतोच. मारोतरावांनी सूप दिलं. शकुबाई एका हातानं ओतत होत्या, दुसऱ्या हातानं सुपानं वारा घालत होत्या. रंगाचं पाणी तोंडात जाऊ नये म्हणून त्याची मान मांडीवर घेतली. तोंडानं दत्ताचं नाव, आणि मधेच नयनच्या सात पिढ्यांचा उद्धार. मध्ये निळीच्या दोन बाटल्या आल्या, त्याही गेल्या.

बऱ्याच वेळानं पोटाची धडधड मंदावली. शकुबाई घाबरल्या, त्यांना वाटलं, गेलं. तेवढ्यात ब्रुनोनं एक डोळा उघडला. ओंजळीतलं माठाचं पाणी त्यानं चाटलं. आधी एकदा, मग सारखं. शकुबाईंनी ओल्या लुगड्यानंच आपलं तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ भरून पुढं केली.

संध्याकाळी फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दुपारभर मान न उचलणारा ब्रुनो त्या आवाजासरशी चार पायांवर उभा राहिला. लटपटत गेला, निशिगंधाच्या पायांशी शेपूट हलवू लागला. शकुबाईंना ते पाहून जे झालं ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यानं एका शेपटीत सगळं माफ करून टाकलं होतं.

"माय व! हे काय केलं याचं?" निशिगंधा किंचाळली. कुत्रं गुलाबी, पाठीवर निळे पट्टे.

"होळी खेळली त्याच्यासंग," शकुबाई म्हणाल्या.

नयन अंगणातल्या रिकाम्या बाटल्या पाहत होता. "काकू, तुम्ही आत कशा आल्या? अन् हा रंग निघन का? एवढं महागाचं..."

"वाक्य पुरं नको करू नयन."

निशिगंधा वरमली. तिनं पिशवीतून प्रसाद काढून पुढं केला. शकुबाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला.

"प्रसादाशी माह्यं भांडण नाही," त्या म्हणाल्या. "तुह्याशी हाय. माहूरचा दत्त तुले दिसला, अन् त्याचं कुत्रं तुह्या टिनाखाली मरून राह्यलं ते नाही दिसलं? 'झोपलं असन' म्हणे! उद्यापासून हे दुपारी माह्या माजघरात राहीन. नाही म्हणसान तं तालुक्याच्या ढोरडॉक्टरले घेऊन येतो मी. अर्पितानं सगळं शूट केलंच हाय."

अर्पिता स्लॅबवरून म्हणाली, "हो, हाय माह्यापाशी." आता मात्र तिचा आवाज शकुबाईंच्या बाजूचा होता. म्हणून शकुबाईंनी तिला सोडलं असं नाही. तिच्याकडंही एकदा जळजळीत पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नळ आला आणि गल्लीतल्या बाटल्या पुन्हा भरून फाटकाशी उभ्या राहिल्या. एकूण एक. शकुबाई ओसरीत कोपराला हळद लावत ते पाहत राहिल्या, दात-ओठ खात.

जेवणं आटोपल्यावर मात्र फाटक वाजलं. निशिगंधा उभी होती. एका हातात ब्रुनोचा पट्टा, दुसऱ्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली. खाली मान घालून म्हणाली, "काकू, आणलं त्याले."

शकुबाईंनी पट्टा घेतला. बादली घेतली. ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. ब्रुनो आत शिरून सारवलेल्या जमिनीवर सरळ पोट टेकून पडला.

"ऊन उतरल्यावर ये," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.